हे म्हणायचे

साचेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण दुरुस्तीकोशावर सगळे त्यांना याच नावानं ओळखायचे, आणि बायको गेल्यापासून खऱ्या नावानं हाक मारणारंही फारसं कुणी उरलं नव्हतं. नोकरीत असताना ते टेलिफोनच्या डिरेक्टरीची मुद्रितं तपासायचे. म्हणजे हजारो माणसांची नावं, पत्ते आणि नंबर एका रेषेत उभे आहेत की नाही, हे बघायचं. एखाद्या दातांच्या डॉक्टरचा नंबर केसभर डावीकडे सरकला, तर काकांना जेवण गोड लागत नसे. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, जरा इकडे बघा." काका म्हणायचे, "एवढा रकाना संपवतो." रकाने काही संपायचे नाहीत. पुढे लोकांनी डिरेक्टरी घेणंच सोडून दिलं आणि काका निवृत्त झाले.

दुरुस्तीकोश हा इंटरनेटवरचा कोश. घरातली बिघडलेली वस्तू घरच्या घरी कशी नीट करायची, हे ज्याला येतं त्यानं तिथं येऊन फुकट लिहायचं. दुसऱ्याला ते चुकलंय असं वाटलं, तर त्यानं ते बदलायचं. लिहिणारी सगळी हौशी मंडळी, आणि हौशी माणसाला आवरणं किती अवघड असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. एक नळदुरुस्तीवाला होता, तो प्रत्येक पानाची सुरुवात गिऱ्हाइकांच्या स्वभावापासून करायचा. एक निवृत्त मास्तर इस्त्रीची वायर बदलायची कशी हे सांगताना आधी विजेचा शोध लावायचे. वाचणारा बिचारा हातात पाना घेऊन ताटकळायचा.

काकांनी हा गोंधळ पाहिला आणि त्यांच्या अंगात डिरेक्टरी संचारली. त्यांनी साचा केला. प्रत्येक पानाला पाच रकाने: वस्तू, बिघाड, हत्यारं, लागणारा वेळ, कृती. बस्स. सहाव्या रकान्याची गरज त्यांना कधी भासली नाही, कारण त्यांनी स्वतः जन्मात एकही वस्तू दुरुस्त केली नव्हती. त्यांच्या न्हाणीघरातला दिवा बायको गेली त्या महिन्यात गेला होता. तेव्हापासून ते दार किलकिलं ठेवून अंघोळ करत होते. दिवा कसा बदलायचा यावर कोशात चांगली चार पानं होती आणि चारही काकांनीच साच्यात बसवलेली होती.

नव्या माणसाला साच्याकडे वळवायची काकांची एक पद्धत होती. ते निरोप पाठवायचे: "आपलं लेखन उत्तम आहे. साच्यात बसवल्यास अधिक उत्तम होईल." बहुतेक लोक पहिल्या वाक्यानं खूश होऊन दुसरं ऐकायचे. नळवाल्यानं "बसवा की मग" एवढंच उत्तर दिलं आणि तो पुढच्या नळाकडे वळला. मास्तर रुसले, पण आठवडाभरात आले.

आली नाही ती बॅटरीवाली.

बॅटरीवाली या नावानं लिहिणारी ही बाई कोशावर नवी होती आणि झपाटल्यासारखी लिहायची. मिक्सर, पंखा, गीझर, दाराचं कुलूप, काही म्हणून सोडलं नव्हतं. माहिती चोख, त्याबद्दल वाद नाही. पण लिहिण्याची तऱ्हा अशी, की काकांना वाचताना घाम फुटायचा. कपडे धुण्याच्या मशीनची गाळणी साफ कशी करायची, या पानाचा हा नमुना:

"मशीन मध्येच अडलं आणि पाणी आतच राहिलं, की समजावं गाळणी तुंबली. खाली उजवीकडे छोटं दार असतं. आमचे हे म्हणायचे, प्लग नुसता काढू नकोस, काढून माझ्या हातात दे. हे म्हणायचे, गरम पाण्याच्या धुण्यात मशीन अडलं असेल तर आधी बसून चहा पी. मग दुसरा कप पी. मग दाराला हात लाव. आत एक गोल झाकण असतं, ते डावीकडे फिरवायचं. खाली परात ठेवायची. एकदा गाळणीत ह्यांच्याच सदऱ्याचं बटण निघालं आणि त्यांनी आळ माझ्यावर घेतला."

आता यातली वस्तू कुठली, कृती कुठली आणि चहा कशासाठी? काकांनी निरोप पाठवला. उत्तर नाही. दुसरा पाठवला. तिसऱ्या निरोपात "कृपया" दोनदा घातलं. शेवटी उत्तर आलं: "तुमचे निरोप वाचले. तुम्हीही एकदा माझं पान नीट वाचा." काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पान वाचलं नाही म्हणे! ज्या माणसानं शहरातली सगळी आडनावं तीन-तीनदा वाचली, त्याला? त्यांनी चौथा निरोप लिहायला घेतला. त्यात "कृपया" नव्हतं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. मुलगी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. जावई कामानिमित्त महिन्यातले निम्मे दिवस परगावी, त्यामुळे घरात मुलगी आणि तिच्या सासूबाई, म्हणजे काकांच्या विहीणबाई. विहीणबाईंचे यजमान वर्षापूर्वीच गेले होते.

"बाबा, तुम्ही त्या कोशावर कुणा बॅटरीवालीच्या मागे लागलायत का?"

"मागे नाही लागलो. मार्गदर्शन करतोय. तुला कुणी सांगितलं?"

"बॅटरीवालीनंच. त्या आई आहेत."

"कुणाच्या आई?"

"माझ्या सासूबाई, बाबा! सासरे घरातलं सगळं स्वतः दुरुस्त करायचे ना, तेव्हा आई शेजारी बॅटरी धरून उभ्या राहायच्या. जन्मभर. म्हणून बॅटरीवाली."

काका मटकन खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

"त्यांना माहितीये मी कोण ते?"

"अजून नाही. त्या म्हणतात, कुणीतरी साचेकाका म्हणून एक खडूस म्हातारा आहे. मी गप्प बसले. बाबा, तुम्ही जगाला सुधारा, पण आईंना सुधारायला जाऊ नका. सासरे गेल्यापासून त्या कुणाशी बोलत नव्हत्या, आता लिहायला लागल्यापासून जरा जेवतायत. आणि मला या घरात राहायचंय."

काकांनी शब्द दिला, की विहीणबाईंना यापुढे एकही निरोप जाणार नाही. आणि तो त्यांनी पाळला, अगदी तंतोतंत पाळला. निरोप पाठवला नाही. गुपचूप जाऊन सगळी पानं स्वतःच साच्यात बसवली.

यात त्यांना काही गैर वाटलं नाही. उलट आपण किती नाजूक प्रसंग किती सफाईनं निभावला, असंच वाटलं. विहीणबाईंशी वाद नको आणि पानंही सरळ रेषेत. "हे म्हणायचे" असलेलं प्रत्येक वाक्य त्यांनी शोधलं आणि मागच्यापुढच्या गप्पांसकट काढून टाकलं. घरगुती आठवणी आहेत, त्यांना कोशात जागा नाही. सदऱ्याचं बटण गेलं. प्लग गेला. चहाचे दोन्ही कप गेले. मशीनच्या पानावर कृती या रकान्यात स्वच्छ तीन ओळी उरल्या: छोटं दार उघडावं, खाली परात ठेवावी, गोल झाकण डावीकडे फिरवावं. काकांनी ते पान दुरून पाहिलं, जवळून पाहिलं आणि स्वतःला शाबासकी दिली.

पुढच्या आठवड्यात मुलीनं चादरी गरम पाण्यात धुवायला टाकल्या आणि मशीन मध्येच अडलं. विहीणबाई बाजारात गेल्या होत्या. मुलीनं विचार केला, सासूबाईंनीच लिहिलेलं पान आहे, फोन तरी कशाला करायचा. पान उघडलं, छोटं दार उघडलं, परात ठेवली, झाकण डावीकडे फिरवलं. आतलं कढत पाणी भसकन उजव्या हातावर आलं.

डॉक्टरांनी मलम लावून मनगटापर्यंत पट्टी बांधली. व्रण राहणार नाही म्हणाले. काकांना हे दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. पण खरा धक्का पुढे होता.

"बाबा, मी मागच्या नोंदी बघितल्या," मुलगी हळू आवाजात म्हणाली. कोशावर कुणी काय बदललं हे सगळं दिसतं, फक्त बघायचं कुठं हे माहीत पाहिजे. "ती चहाची वाक्यं तुम्ही काढलीत."

"मला वाटलं, नुसता चहा आहे."

"पाणी निवेपर्यंत थांबायचं होतं ते! दोन कप होईपर्यंत माणूस थांबतो ना!"

एवढं सरळ होतं. नुसतं "पाणी गरम असल्यास थांबावं" असं लिहिलं तर कोण थांबतं? चहा पी म्हटलं की माणूस बसतो. विहीणबाईंच्या यजमानांना माणसं कळत होती आणि काकांना रकाने.

"विहीणबाई काय म्हणाल्या? शिव्या घातल्या असतील मला."

"त्यांना माहितीच नाही. नोंदी बघता येत नाहीत त्यांना. त्यांनी पान उघडलं, चहाचं वाक्य नाही, प्लगचं नाही. त्यांना वाटतंय, आपणच लिहायचं विसरलो. म्हणाल्या, माझं डोकं चालेनासं झालंय, ह्यांचं बोलणंसुद्धा आठवत नाही आता. माझ्यामुळे सुनेचा हात भाजला. कालपासून धड जेवल्या नाहीत. सासऱ्यांची हत्यारांची पेटी दारात आणून ठेवलीये. उद्या सकाळी भंगारवाल्याला देणार आहेत."

"मग तू सांग ना त्यांना खरं!"

"मी सांगू? माझ्या बाबांनी तुमच्या नवऱ्याची वाक्यं पुसली, म्हणून माझा हात भाजला, असं सांगू? मग राहू कशी इथं? बाबा, तुम्हीही सांगू नका. मी समजावते त्यांना. होईल हळूहळू."

फोन ठेवल्यावर काकांनी मशीनचं पान पुन्हा उघडलं. सुचली ती पहिली गोष्ट अशी, की वाक्यं चोरपावलानं परत घालावीत. कुणाला कळायचं नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, की चोरपावलानंच तर हा सगळा घोळ झाला होता. साधा चौथा निरोप पाठवला असता, तर बाईनं दोन शिव्या हासडून चहा कशासाठी ते सांगितलं असतं. काकांनी चपला घातल्या.

विहीणबाईंच्या दारात पेटी खरंच ठेवलेली होती. लोखंडी, निळा रंग उडालेली, कडी घासून चकचकीत झालेली. तिला वळसा घालून आत जावं लागलं.

"या, व्याही," विहीणबाई म्हणाल्या. चेहरा उतरलेला होता. "सुनेला बघायला आलात ना? माझंच चुकलं हो. बसा. चहा टाकते."

"चहा नको," काका घाईनं म्हणाले. "म्हणजे, हवा. पण आधी बोलायचंय."

आतल्या दारात मुलगी उभी होती, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून. ती डोळ्यांनी नाही नाही म्हणत होती. काकांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"विहीणबाई, साचेकाका म्हणजे मी."

विहीणबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "वाटलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "तसे तुम्ही इथं येता तेव्हा कमी बोलता."

"तुमच्या पानावरची वाक्यं मी काढली. 'हे म्हणायचे' म्हणून होती ती सगळी. तुम्ही चहाचं लिहिलं होतं, प्लगचंही लिहिलं होतं. मला ती फालतू वाटली."

काका शिव्यांची वाट बघत उभे होते. त्यांची खांदे आवळून उभं राहायची पूर्ण तयारी होती.

"मी लिहिलं होतं?" विहीणबाईंनी विचारलं.

"लिहिलं होतं."

"किती कप?"

"दोन."

विहीणबाई खाली बसल्या. पदर तोंडाला लावला आणि रडल्या, बऱ्याच रडल्या. मुलगी धावली, तर तिला हातानंच थांबवलं. "अगं, विसरले नव्हते मी," त्या म्हणाल्या. "आठवतंय मला सगळं. बघ, दोन कप." मग डोळे पुसले, नाक पुसलं, वळल्या आणि काकांवर तुटून पडल्या.

"आणि तुम्ही हो! कुणी सांगितला होता हा नसता उपद्व्याप? फालतू? ह्यांचं बोलणं फालतू? पोरीचा हात भाजला तुमच्या त्या साच्यापायी! तुमच्या स्वतःच्या पोरीचा! नीट वाचा म्हणून लिहिलं होतं ना मी? वाचता येत नाही?"

"येतं," काका म्हणाले. "पण वाचलं नाही."

"लाज वाटते?"

"वाटते."

हे इतकं सरळ उत्तर आलं की विहीणबाईंचा पुढचा वाक्प्रहार हवेतच राहिला. त्या उठल्या, आत गेल्या, भांड्यांची आदळआपट ऐकू आली आणि चहा आला. काकांनी पहिला कप संपवला. विहीणबाईंनी न विचारता दुसरा ओतला. मुलीला हसू आवरेना, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"आता परत लिहा," विहीणबाई म्हणाल्या. "इथं बसून, माझ्यासमोर. एकेक वाक्य."

काकांनी सुनेचा, म्हणजे आपल्याच मुलीचा, कॉम्प्युटर उघडला. बोटं थबकली. "विहीणबाई, एक अडचण आहे. हे नेमकं कुठं घालायचं? साच्यात त्यासाठी रकाना नाही."

"मग करा की रकाना. साचेकाका ना तुम्ही?"

अशा रीतीनं साच्यात सहावा रकाना आला. तो काकांनी सगळ्यात वर ठेवला, वस्तूच्याही आधी. रकान्याचं नाव विहीणबाईंनी ठरवलं आणि त्यावर काकांनी ब्र काढला नाही. "हे म्हणायचे" असं त्याचं नाव. तो रिकामा ठेवला तर पान जतन होत नाही, अशी सोय काकांनी करून टाकली. निळी पेटी त्याच संध्याकाळी पलंगाखाली परत गेली.

दुसऱ्या दिवशी कोशावर हलकल्लोळ माजला. मास्तरांनी विचारलं, हे म्हणजे नक्की कोण? काकांनी सूचनांच्या पानावर उत्तर लिहिलं: "हे म्हणजे आपल्याआधी ज्यांचा हात भाजला ते. त्यांनी जे सांगून ठेवलं असेल, ते त्यांच्याच शब्दांत लिहावं. कृपया सुधारू नये." नळवाल्यानं कुरकुर केली, मग लिहिलं: "बाप म्हणायचा, आधी खालचा कॉक बंद कर, मग शहाणपणा कर." मास्तरांनी त्यांच्या हेडमास्तरांचं वाक्य लिहिलं आणि विजेचा शोध आपणहून काढून टाकला. ती पानं तपासायचं काम आता बॅटरीवालीकडे होतं. काकांपेक्षा ती कितीतरी कडक निघाली. एखाद्यानं रकान्यात "काळजी घ्यावी" एवढंच लिहिलं, की तिचा निरोप जायचा: "असं कुणी बोलतं का? खरं काय म्हणाले ते लिहा."

मुलीची पट्टी सुटली त्या रविवारी दोघी काकांकडे जेवायला आल्या. विहीणबाई हात धुवायला न्हाणीघरात गेल्या, बटण दाबलं, पुन्हा दाबलं आणि बाहेर आल्या.

"व्याही, दिवा कधीपासून गेलाय?"

काकांनी सांगितलं. विहीणबाई मुलीला म्हणाल्या, "गाडीतली पेटी आण." ती निळी पेटी त्यांनी आताशा सगळीकडे बरोबर न्यायला सुरुवात केली होती. मेन स्विच बंद केला. स्टूल ओढलं. मग पेटीतून एक जुनी बॅटरी काढली, हातात क्षणभर तशीच धरली आणि काकांपुढे केली.

"धरा," त्या म्हणाल्या. "आज मी वर चढते."

काकांनी बॅटरी धरली. जन्मात पहिल्यांदाच धरत होते, उजेड भिंतीवर नाचायला लागला.

"अहो, हात स्थिर ठेवा. आणि बोलू नका. हे म्हणायचे, बॅटरी धरणाऱ्यानं बोलू नये, फक्त बघावं."

काका बोलले नाहीत. त्यांनी बघितलं. होल्डरची तार जळून काळी पडली होती, ती विहीणबाईंनी कापली, नवी जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली, दिवा बसवला. मुलीनं मेन स्विच चालू केला. न्हाणीघरात लख्ख उजेड पडला. आरशाखालच्या फळीवर बायकोच्या केसांच्या पिना ठेवलेल्या होत्या, एकीजवळ एक, तशाच. इतके दिवस अंधारात त्या काकांना दिसल्याच नव्हत्या.

त्या दोघी गेल्यावर काका कोशावर पहिल्यांदाच स्वतःचं पान लिहायला बसले. वस्तू: न्हाणीघरातला दिवा. बिघाड, हत्यारं, वेळ, कृती, सगळं सरळ रेषेत बसलं. जतन करायला गेले, तर पान जतन होईना. वरचा रकाना रिकामा होता.

काका विचार करत बसले. बायको दिव्याबद्दल काय म्हणायची? काहीतरी म्हणाली असणारच, घर तीच सांभाळत होती. पण त्यांना काही केल्या आठवेना, कारण त्यांनी ऐकलंच नव्हतं. ती बोलायची तेव्हा ते रकाने तपासत असायचे. एकच वाक्य आठवलं, तिनं रोज म्हटलेलं. तेच त्यांनी लिहिलं.

"ही म्हणायची, अहो, जरा इकडे बघा."

दिव्याच्या दुरुस्तीशी त्याचा काय संबंध, असं एका नव्या माणसानं दुसऱ्याच दिवशी विचारलं आणि ते वाक्य काढू का म्हणाला. बॅटरीवालीनं पान नीट वाचलं आणि त्याला निरोप पाठवला, की राहू द्या, साच्यात बसतं.